किती वर्षांचा होता तो?

वुडलँड्सला राहणाऱ्यांना राजा ही काही फार परकी गोष्ट नाही. कॉजवे ओलांडला की पलीकडे जोहोर, आणि जोहोरला आजही सुलतान आहेत. इतकंच नाही, तर जोहोरचे सुलतान इब्राहिम जानेवारी २०२४ पासून अख्ख्या मलेशियाचे राजे आहेत, तेही पाच वर्षांपुरते! नऊ राजघराण्यांचे प्रमुख आळीपाळीने राजेपद घेतात. एका शनिवारी कॉजवेवरच्या रांगेत तासभर अडकलो होतो तेव्हा हे सगळं मी लेकाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे क्लास मॉनिटरसारखं?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "राजा झाला तेव्हा तो किती वर्षांचा होता?"

हा प्रश्न आमच्या घरात कायमचा मुक्कामाला आहे. माझं माहेर साताऱ्याचं. इतिहासात एम.ए. केलं आणि लग्नाआधी सहा वर्षं तिथल्याच एका शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवला. सिंगापूरला आल्यापासून माझ्या वर्गात एकच विद्यार्थी उरलाय. वय वर्षं नऊ, प्रायमरी थ्री. कुठलाही राजा निघो, कुठलीही लढाई निघो, साहेब सनावळीत शिरत नाहीत. वय विचारतात आणि मनातल्या मनात स्वतःच्या वयाशी ताडून बघतात. तोरणा घेतला तेव्हा महाराज सोळा वर्षांचे, हे ऐकून "मग अजून सात वर्षं आहेत" असं म्हणाला होता!

यंदा जूनच्या सुट्टीत आम्ही पॅरिसला गेलो. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या, त्याही आल्या. व्हिसाची कागदपत्रं, चौदा तासांचं विमान, बॅगेत भाजणी आणि मेतकूट, हे सगळं वाचकांच्या परिचयाचं आहे, तेव्हा त्यात शिरत नाही. आयफेल टॉवरबद्दलही लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी सिनेमात पाहिलाय. एवढंच सांगते, की तो १८८९ सालचा, बास्तिलचा तुरुंग पडल्याला शंभर वर्षं झाली त्या निमित्ताने उभारलेला. म्हणजे पॅरिसची जी खूण जगभर ओळखली जाते, तिच्यात राजा कुठेच नाही. आम्हाला मात्र राजेच बघायचे होते. (आणि हो, फ्रेंच नावं मी इथे कानाला जशी लागली तशी लिहिली आहेत. ती मंडळी निम्मी अक्षरं लिहितात आणि बोलताना गिळून टाकतात, त्याला माझा इलाज नाही.)

सुरुवात केली ती सेन नदीच्या मधल्या बेटावरून. नोत्र दामचं मोठं चर्च २०१९ च्या एप्रिलमध्ये जळालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. डिसेंबर २०२४ ला ते पुन्हा उघडलं. आतला दगड इतका स्वच्छ, लख्ख, की सासूबाई म्हणाल्या, "हे कालच बांधलंय का?" बाहेर दर्शनी भिंतीवर एका ओळीत अठ्ठावीस राजांचे पुतळे आहेत. ते मुळात बायबलमधले ज्यूंचे राजे, फ्रान्सचे नव्हेतच. पण १७९३ साली क्रांतीच्या धामधुमीत लोकांना ते आपलेच राजे वाटले आणि त्यांनी त्यांची मुंडकी उडवली. आज दिसतात ते पुतळे नंतर केलेले. मूळ मुंडक्यांपैकी एकवीस १९७७ साली पॅरिसमध्येच एका इमारतीच्या कामात जमिनीखाली सापडली आणि आता ती नदीपलीकडच्या क्लूनी संग्रहालयात आहेत. लेकाला ही गोष्ट फारच आवडली. चुकीच्या राजांना शिक्षा! तिथून पुढे सारा दिवस तो रस्त्यातल्या प्रत्येक पुतळ्याकडे बघून "हा करेक्ट राजा आहे का?" असं विचारत होता.

जवळच सँत शापेल आहे. नवव्या लुईने बांधलेलं, १२४८ साली पूर्ण झालेलं छोटंसं प्रार्थनामंदिर. भिंती जवळजवळ नाहीतच, नुसत्या रंगीत काचा. पंधरा उंच खिडक्या आणि त्यांत बायबलमधले अकराशेहून जास्त प्रसंग. येशूचा काटेरी मुकुट म्हणून जो अवशेष लुईने विकत घेतला तो ठेवायला ही इमारत. गंमत म्हणजे इमारतीला जेवढा खर्च आला त्याच्या तिपटीहून जास्त त्या मुकुटाला मोजला होता. माझा नवरा त्यावर बराच वेळ हिशेब करत बसला. आणि लुई किती वर्षांचा होता? राजा झाला तेव्हा बारा. कारभार पाहिला तो त्याच्या आईने, ब्लांश तिचं नाव. परमुलखातून, स्पेनमधून आलेली बाई. सरदार उठले, तिने ते मोडून काढले आणि पोराला राजा म्हणून उभं केलं. आपल्याला हे सांगावं लागत नाही. आपल्या इतिहासात अशा आया पानोपानी आहेत.

व्हर्सायला गेलो तो दिवस सहा जून. हे मी ठरवून केलं नव्हतं, तिकिटं त्या दिवसाची मिळाली इतकंच. पण सकाळपासून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर रायगडाचे फोटो येत होते, शिवराज्याभिषेकाच्या शुभेच्छा येत होत्या, आणि आम्ही उभे होतो चौदाव्या लुईच्या सोनेरी फाटकासमोर. ६ जून १६७४ ला रायगडावर महाराज सिंहासनावर बसले तेव्हा हा लुई फ्रान्सच्या गादीवर होता. तो होताच, कारण तो गादीवर आला पाच वर्षं पुरी व्हायच्या आत आणि मेला सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. बहात्तर वर्षं राज्य! बापाची शिकारीची लहानशी कोठी होती, तिचा त्याने हा डोंगराएवढा राजवाडा केला आणि ६ मे १६८२ ला दरबार कायमचा इथे हलवला. त्याच मे महिन्यात इकडे माणगावजवळ गांगवलीला येसूबाईंच्या पोटी शाहू जन्मले. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आरसेमहाल त्र्याहत्तर मीटर लांब, तीनशे सत्तावन्न आरसे. १८७१ ला जर्मनांनी फ्रान्सला हरवून आपलं साम्राज्य जाहीर केलं ते याच दालनात, आणि १९१९ ला पहिल्या महायुद्धाच्या तहावर त्यांना सही करायला लावली तीही इथेच. त्या तहावर आपल्याकडून बिकानेरचे महाराज गंगासिंग यांचीही सही आहे. पण गर्दी एवढी, की आरशात स्वतःचं तोंड शोधायला लागतं. सासूबाईंना आरशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. राजाचा मुदपाकखाना वाड्याबाहेर, रस्त्यापलीकडच्या इमारतीत होता. ताटं घेऊन माणसं मिरवणुकीने दालनांमागून दालनं ओलांडत यायची आणि येईस्तोवर अन्न निवलेलं असायचं. "एवढा मोठा राजा आणि रोज गार जेवण," त्या म्हणाल्या. फ्रान्सच्या राजेशाहीवरचं इतकं नेमकं मत मी एम.ए.च्या कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

बागेतल्या कारंज्यांचीही तीच तऱ्हा. पाण्यासाठी सेन नदीवर मार्लीला चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं, पाणी दीडशे मीटरहून वर चढवलं, तरी सगळी कारंजी एकदम चालवायला ते पुरेना. मग राजा फिरायला निघाला की माळी-कारंजेवाले शिट्ट्या घालून एकमेकांना कळवायचे. राजा जवळ आला की कारंजं सुरू, वळला की बंद!

राजाच्या शयनगृहात मात्र लेक रेंगाळला. पलंगापुढे कठडा आहे. रोज सकाळी राजा उठायचा तो सोहळा म्हणून. कोणी सदरा द्यायचा, कोणी पाणी, बाकीचे बघायला. याच खोलीत १७१५ ला लुई वारला आणि गादीवर आला त्याचा पणतू, पंधरावा लुई. "किती वर्षांचा?" पाच. मुलगा, नातू आणि थोरला पणतू आधीच गेले होते. १७१२ साली गोवराने या पोराचे आई, बाप आणि मोठा भाऊ काही दिवसांच्या अंतराने गेले. राजवैद्य त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रक्त काढून उपचार करत होते. दोन वर्षांच्या या धाकट्याला त्याची सांभाळणारी, मादाम द वँतादूर, घेऊन बसली आणि वैद्यांना तिने जवळ येऊ दिलं नाही. पोरगं जगलं. तो तिला आई म्हणायचा. "पन्हाळकाठी नि ऊब, दुसरं काय लागतं गोवराला," इति सासूबाई.

त्याच शयनगृहाला एक सज्जा आहे, खाली संगमरवरी चौक. ६ ऑक्टोबर १७८९ च्या सकाळी पॅरिसहून पायी आलेला जमाव त्या चौकात होता. आदल्या दिवशी भाकरीसाठी निघालेल्या बाजारातल्या बायका सर्वांत पुढे होत्या. राणीला बाहेर बोलावलं. मारी आंत्वानेत दोन्ही मुलांना घेऊन सज्जात आली. लोक ओरडले, मुलं नकोत. तिने मुलांना आत पाठवलं आणि एकटी उभी राहिली. त्या दिवशी राजा-राणी-मुलं पॅरिसला नेली गेली आणि व्हर्सायला परत कुणी राहायला आलं नाही. धाकटा मुलगा, लुई-शार्ल, तेव्हा साडेचार वर्षांचा होता. नवीन युवराज. कारण मोठा भाऊ त्याच वर्षी जूनमध्ये आजारपणात गेला होता.

शाळेत "फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा" हा हमखास येणारा प्रश्न. आर्थिक, सामाजिक, वैचारिक. मी ती कारणं फळ्यावर किती वेळा लिहिली असतील! ती खरीच आहेत. भाकरी महाग होती, करांचं ओझं गरिबावर होतं, आणि ज्यांच्यावर नव्हतं ते इथे कारंजी बघत होते. त्या बायकांचा मला आजही राग येत नाही. पण या मुलाला धड्यात जागा नव्हती, आणि आमच्या प्रवासात मात्र तिथून पुढे तोच सगळीकडे भेटत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्विलरीच्या बागेत गेलो. राजाचं कुटुंब पॅरिसमध्ये ठेवलं तो राजवाडा इथे होता. १८७१ ला तो जळाला, पुढे पाडला, आता नुसती बाग, हिरव्या लोखंडी खुर्च्या आणि तळ्यात होड्या सोडणारी मुलं. इथे बसूनच मी लेकाला वारेनची गोष्ट सांगितली. २० जून १७९१ च्या रात्री राजा वेषांतर करून कुटुंबासह पळाला. सरहद्दीजवळच्या फौजेकडे जायचं होतं. राजा नोकर झाला, मुलांची सांभाळणारी झाली परदेशी सरदारीण, आणि सहा वर्षांच्या युवराजाला मुलीचा झगा घातला. लेक हसून लोळला. मग लगेच म्हणाला, "हे आग्र्यासारखंच आहे!"

बरोबरच होतं. १६६६ ला आग्र्याला महाराजांबरोबर संभाजीराजे होते. वय? "नऊ," तोच म्हणाला. हे वय त्याला पाठ आहे. पण दोन सुटकांत एक फरक आहे. लुईच्या लोकांनी सुचवलं होतं की दोन हलक्या गाड्यांतून वेगवेगळे जा. राणीने, राजाने ऐकलं नाही. सगळे एकत्र जाणार. मग सहा माणसं मावतील अशी अवजड गाडी केली. ती हळू चालली, वेळ चुकली, वाटेत एका गावात पोस्टमास्तरने राजाला ओळखलं आणि पुढच्या वारेन गावी अडवलं. त्याच रात्री राजाचा धाकटा भाऊ हलक्या गाडीतून निघाला, त्याची बायको वेगळ्या वाटेने, आणि दोघंही बेल्जियमला सुखरूप पोचले. पुढे अठरावा लुई झाला तो हाच. महाराजांनी काय केलं? नऊ वर्षांच्या मुलाला मथुरेला एका ब्राह्मण कुटुंबाकडे ठेवलं, तो गेल्याची हूल उठवली आणि स्वतः पुढे निघून गेले. काही काळाने संभाजीराजे राजगडावर सुखरूप आले.

"मग महाराज स्मार्ट होते," असा निकाल देऊन लेक होड्या बघायला पळाला. मी आणि सासूबाई बसून राहिलो. मला वाटतं, हुशारीचा प्रश्नच नव्हे हा. पोराला परमुलखात अनोळखी माणसांच्या घरी ठेवून घोड्यावर बसायला काय लागलं असेल? आणि दुसरीकडे, त्या राणीच्या जागी असते तर मीही मोठीच गाडी मागितली असती. सासूबाईंचा एक मुलगा वुडलँड्सला, एक न्यू जर्सीला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एका गाडीत सगळी बसली, तेवढा प्रवास तरी झाला तिचा."

बागेच्या टोकाला काँकोर्दचा चौक. मधोमध इजिप्तहून आणलेला तेवीस मीटरचा दगडी स्तंभ. २१ जानेवारी १७९३ ला राजाचा शिरच्छेद झाला तो याच चौकात, आणि १६ ऑक्टोबरला राणीचा. आज तिथे गाड्यांचा एवढा गोंगाट की उभं राहवत नाही. राणीचे शेवटचे अडीच महिने गेले तो तुरुंग, कॉन्सिएर्जरी, बेटावरच आहे, सँत शापेलला लागून. तिची कोठडी होती तिथे पुढे अठराव्या लुईने प्रार्थनेची जागा केली. तिचं वय तेव्हा सदतीस. माझ्यापेक्षा एकच वर्ष जास्त. हे कुणी मला विचारलं नाही, मीच मोजलं.

मुलाला तिच्यापासून जुलै १७९३ मध्येच तोडलं होतं. टेम्पल नावाच्या बुरुजात सगळे एकत्र कैद असताना एका रात्री माणसं येऊन त्याला वरच्या मजल्यावरून घेऊन गेली. सिमों नावाच्या चांभाराच्या हाती दिलं. पोराला सामान्य नागरिक बनवायचं होतं. आईवरच्या खटल्यात वापरायला त्याच्याकडून आईविरुद्ध जबानी लिहून सही घेतली. त्या जबानीत काय होतं ते मी लेकाला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहीत नाही. कोर्टात तो आरोप झाला तेव्हा राणीने उत्तर द्यायचं नाकारलं आणि तिथे बसलेल्या आयांकडे वळून दाद मागितली. जमावातल्या बायकासुद्धा क्षणभर हलल्या म्हणतात.

सँ-दनीला जायचं की नाही यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. ते पॅरिसच्या उत्तरेला, मेट्रोची तेरा नंबरची लाइन. प्रवासी कंपन्यांच्या यादीत ते क्वचितच असतं. पण फ्रान्सचे जवळजवळ सगळे राजे तिथे पुरलेले आहेत, आणि मला ते बघायचंच होतं. स्टेशनबाहेर बाजार, आफ्रिकेतली, अल्जीरियातली माणसं, भाज्यांचे ढीग, कपड्यांचे ठेले. व्हर्सायपेक्षा मला तिथे जास्त घरच्यासारखं वाटलं. आत शिरलं की एकदम शांत. सातव्या शतकातल्या दागोबेरपासूनच्या राजा-राण्यांच्या दगडी मूर्ती, सत्तरहून जास्त, उताण्या निजलेल्या, हात जोडलेले. पायाशी राजांच्या सिंह, राण्यांच्या कुत्रा. १७९३ च्या ऑक्टोबरमध्ये ही थडगी उघडून हाडं खड्ड्यांत फेकली, चुना टाकला. १८१७ ला ती काढली, पण कोण कुठला ते कळणार कसं? सगळ्यांना मिळून एकच जागा केली.

मूर्तींमध्ये एक अगदी छोटी आहे. पहिला जाँ. १३१६ साली तो जन्मला तेव्हा बाप आधीच वारला होता, म्हणून जन्मतःच राजा. पाच दिवस जगला. लेकाचा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा अडला. "पाच डेज?" त्याने दोनदा विचारलं. मी त्याला आपले सवाई माधवराव सांगितले. बापाचा खून झाल्यावर जन्मलेले, चाळिसाव्या दिवशी पुरंदरावर पेशवाईची वस्त्रं. ते तीन वर्षांचे असताना, १७७७ मध्ये, सोळाव्या लुईचा वकील म्हणवणारा सँ-लुबँ नावाचा फ्रेंच माणूस पुण्याला आला होता आणि इंग्रजांची झोप उडाली होती. पुरंदर ते व्हर्साय असा धागा होता म्हणायचा.

खाली तळघरात काळ्या दगडांखाली सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत. १८१५ साली आणून ठेवलेली. शेजारच्या कोनाड्यात काचेचं एक भांडं आहे. त्यात काहीतरी सुकलेलं, गडद, बोराएवढं. लेक काचेला नाक लावून बघत होता. "हे काय आहे?" सासूबाई पाटी वाचू शकत नव्हत्या, पण माझा चेहरा त्यांनी वाचला. "नको सांगूस त्याला सगळं," त्या हळूच म्हणाल्या. तो म्हणाला, "आजी, मला पाटीवर सेव्हन्टीन नाइन्टी फाइव्ह दिसतंय. किती वर्षांचा होता तो?"

मी सांगितलं. दहा. सात वर्षांचा असताना कैदेत गेला, आठव्या वर्षी आईपासून तोडला, मग कित्येक महिने एकटा कोंडलेला, आणि ८ जून १७९५ ला त्या बुरुजातच आजाराने गेला. बाहेरच्या राजनिष्ठांच्या लेखी तो सतरावा लुई. राजा झाला आणि त्याला बहुधा धड कळलंही नाही. शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टर पेलताँने त्याचं हृदय रुमालात गुंडाळून गुपचूप घरी नेलं आणि स्पिरिटमध्ये ठेवलं. ते चोरीला गेलं, परत मिळालं, दंगलीत भांडं फुटलं, हाताहातांतून फिरलं आणि १९७५ मध्ये इथे आलं.

पण हे त्याचंच कशावरून? कारण तो मेला यावर कित्येकांचा विश्वासच नव्हता. "मीच तो" म्हणणारे शंभराच्या घरात निघाले. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. इथे निकाल लागला २००० साली. पेशीतला एक डीएनए असा असतो की तो आईकडूनच मुलाला मिळतो. हृदयाचा तुकडा घेतला आणि तो मारी आंत्वानेतच्या जपून ठेवलेल्या केसांशी, तिच्या बहिणींच्या, म्हणजे पोराच्या मावश्यांच्या केसांशी ताडून पाहिला. जुळला. २००४ च्या ८ जूनला ते हृदय इथे विधिपूर्वक ठेवलं. बाप राजा, आजे-पणजे राजे, मोठमोठ्या वंशावळी. पण पोर कोणाचं ते सांगितलं आईच्या केसांनी.

लेक गप्प होता. मला तो तसाच पॅरिसच्या मेट्रोत बसायला नको होता. म्हणून तिथेच पायरीवर बसून त्याला शाहू सांगितले. व्हर्सायच्या त्या मे महिन्यात जन्मलेले. संभाजीराजांना मारल्यावर रायगडाला वेढा पडला. येसूबाईंनी दीर राजारामाला गडावरून निघून जायला लावलं आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या. सगळ्यांनी एका जागी सापडू नये म्हणून. नोव्हेंबर १६८९ ला गड पडला, मायलेक मोगलांच्या छावणीत कैद. "किती…" सात. तोही सातच.

"आणि मग?" मग औरंगजेब मेला, १७०७ मध्ये शाहू सुटले. पंचविशीत. घरी यायला निघाले तर ताराबाईंच्या पक्षाने म्हटलं, हा खरा शाहू कशावरून, हा तोतया! तेव्हा नागपूरकर भोसल्यांचे परसोजी त्यांना येऊन मिळाले आणि सगळ्यांदेखत त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले. खोट्या माणसाच्या ताटात भोसला जेवणार नाही, एवढी साक्ष लोकांना पुरली. जानेवारी १७०८ ला साताऱ्याला राज्याभिषेक झाला. ज्या गावात त्याची आई वाढली ते त्यांनीच वसवलेलं गाव. येसूबाई मात्र ओलीस म्हणून दिल्लीलाच अडकल्या. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना घेऊन आले तेव्हा १७१९ साल होतं. कैदेची तीस वर्षं.

"आईने ओळखलं त्याला?" त्याने विचारलं.

"बारा वर्षांनी भेटत होती रे. पण ओळखलंच असणार."

"केसांनी?"

"केस बघायची गरज नाही पडली."

परतीच्या आदल्या दिवशी टेम्पलची जागा शोधून काढली. बुरूज नेपोलियनने १८०८ मध्येच पाडायला लावला, लोक तिथे यात्रेसारखे येऊ लागले होते म्हणून. आता तिथे शेजारची नगरपालिकेची कचेरी आणि समोर एक लहानशी बाग आहे. कचेरीपुढच्या फरसबंदीवर बुरूज कुठे होता ते दाखवायला निळ्या रेषा मारल्यात. लेक त्या रेषेवरून पाय ठेवत ठेवत चालत गेला आणि पुढे सायकली लावल्या होत्या तिथे थांबला. बागेत तळं आहे, बदकं आहेत, शाळा सुटलेली पोरं घसरगुंडीवर ओरडत होती.

सासूबाईंनी डबा उघडला. सकाळी हॉटेलच्या छोट्या शेगडीवर केलेली दोन थालीपीठं. एक त्यांनी आपल्या पुढ्यात घेतलं होतं. लेकाने स्वतःचं बाजूला ठेवलं, आजीच्या थालीपिठाचा मोठा तुकडा मोडून तोंडात घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हं. आता प्रूव्ह झालं."

मग उरलेलं हातात घेऊनच तो घसरगुंडीकडे पळाला.